सिमेंट आणि प्रतिभा

ज्या जिल्ह्यात माझा जन्म झाला त्याचे नाव कुलाबा. मी पाचव्या इयत्तेत असताना, १९८१ सालच्या पहिल्याच दिवशी, तो रायगड झाला. बिऱ्हाड न हलविता माणसाचा जिल्हा बदलावा, ही गोष्ट त्या वयात मोठ्या नवलाची वाटली. आम्ही पोरांनी वह्यांच्या पुठ्ठ्यांवरील जुने नाव खोडून त्यावर नवे लिहिले आणि गावातील वडीलधारी मंडळी मात्र पुढे कित्येक वर्षे पत्रांवर कुलाबाच लिहीत राहिली. कुलाबा हे अलिबागेच्या समुद्रातील आंग्र्यांच्या किल्ल्याचे नाव. रायगड हे साक्षात शिवछत्रपतींच्या राजधानीचे. ही बढती आम्हांला ज्यांनी मिळवून दिली ते मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले आमच्याच जिल्ह्यातले होते. आणि जेमतेम वर्ष उलटते न उलटते तोच, लोकांकडून घेतलेल्या देणग्यांपायी, त्यांना आपले पद सोडावे लागले.

आमच्या किनाऱ्यावर हा विषय अजून शिळा झालेला नाही. मांडव्याच्या धक्क्यावर दोन वयस्क माणसे बोटीची वाट पाहत बसली आणि बोटीस उशीर झाला, तर बोलणे हमखास अंतुल्यांवर येते, आणि मग दोघांत एकमत म्हणून होत नाही. परंतु साहित्याच्या मासिकात हा विषय काढण्याला माझ्यापाशी निराळे कारण आहे. ज्या देणग्यांपायी ते पायउतार झाले त्या देणग्या निवडणुकीसाठी म्हणून मागितलेल्या नव्हत्या. त्या आम्हां साहित्यिकांसाठी, कलावंतांसाठी, एका शब्दात सांगावयाचे तर प्रतिभेसाठी, गोळा केलेल्या होत्या.

प्रथम माणसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सावित्री नदीच्या काठी म्हसळा तालुक्यात आंबेत नावाचे गाव आहे. तेथील कोकणी मुसलमान घराण्यात १९२९च्या फेब्रुवारीत त्यांचा जन्म झाला. मुंबईस शिक्षण, मग विलायतेस लिंकन्स इन येथून बॅरिस्टरी, आणि परत आल्यावर काँग्रेसचे राजकारण, असा त्यांचा क्रम. १९६२ साली ते श्रीवर्धनमधून विधानसभेत गेले. १९८०च्या जूनमध्ये ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात त्या पदावर आलेले ते पहिले मुसलमान गृहस्थ. त्यांच्या कारभाराचा वेग आठवला म्हणजे आजही धाप लागते. एकोणीस महिन्यांची ही राजवट. तीत सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन जिल्हे नवे झाले, आमच्या जिल्ह्याचे बारसे झाले, निराधारांना दरमहा अनुदान देणारी योजना निघाली, आणि लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही होऊन गेली. तलवार आली नाही. परंतु जो मनुष्य तलवारीचीही फाइल करतो तो लोकांना आवडतो, निदान कोकणातील लोकांना तरी. कारण आमच्याकडे फाइलच कधी हलत नाही असा आमचा पिढ्यान्पिढ्यांचा समज होता.

मांडव्याहून समोर पाण्यापलीकडे मुंबई दिसते. हवा स्वच्छ असली तर इमारतींची रांग डोळ्यांना मोजता येते. हेच अंतर जमिनीवरून कापावयाचे तर पेण-वडखळचा वळसा घेऊन सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. माझ्या लहानपणी रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाई, आणि समुद्र खवळला म्हणजे मुंबई एकाएकी परदेशासारखी दूर होई. आज माणसे मोटारीसह बोटीत चढतात, परंतु ती सोय २०२०च्या मार्चपासूनची. अशा मुलखात ज्या माणसाने रेवस आणि करंजा यांच्यामधील खाडीवर पूल टाकावा आणि रेवसपासून थेट रेड्डीपर्यंत समुद्राच्या काठाकाठाने हमरस्ता न्यावा असे म्हटले, त्याला लोकांनी डोक्यावर घेतले तर त्यात आश्चर्य ते कसले? पुढे तो पूल दशकानुदशके कागदावरच राहिला, ही गोष्ट निराळी. किंबहुना पूल झाला नाही म्हणूनच तो मनात आणणाऱ्याचे नाव अधिक टिकले असेल. झालेल्या पुलावरून माणूस निर्माणकर्त्याची आठवण न काढता निघून जातो.

आमच्या शेजारी एक कोळीण आजी राहत. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता, मूलबाळ नव्हते. निराधारांचे अनुदान मंजूर झाले तेव्हा त्या माझ्या वडिलांकडून कागदावरचा मजकूर दोनदा वाचून घेऊन गेल्या. मग पैसे आले की पहिल्या दिवशी त्या आम्हां मुलांच्या हातावर गोळ्या ठेवीत आणि म्हणत, “बालिष्टरानं धाडल्यात.” सरकार नावाची वस्तू त्यांच्या लेखी नव्हती. बॅरिस्टरसाहेब होते, आणि त्यांनी मुंबईहून आठवणीने पैसे धाडले होते. पुढे न्यायालयातील हकिकती वृत्तपत्रांत येऊ लागल्या त्या कोणी त्यांना सांगितल्या, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “मोठ्यांचं मोठं काय ते असंल, माझे पैसे तर येतात.”

आता सिमेंटाकडे वळतो. आजच्या तरुण वाचकाला हे सांगून खरे वाटणार नाही की त्या काळी सिमेंटाची एक गोणी ही परवान्याने मिळणारी वस्तू होती. उत्पादन थोडे, मागणी फार, आणि भाव सरकारने बांधून दिलेला. त्यामुळे जे व्हावयाचे तेच होई. बांधलेल्या भावाने माल मिळत नसे आणि जो मिळे तो बांधलेल्या भावाचा नसे. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आमचे घर चुन्यात बांधलेले, जुन्या वळणाचे. त्याला मागील दारी पाण्याची एक टाकी बांधावी म्हणून त्यांनी १९८०च्या पावसाळ्यानंतर आठ गोण्यांसाठी अर्ज केला. काम कोणते, किती लांब, किती रुंद, आधी टाकी होती काय, नसल्यास आजवर पाणी कशात साठवीत होता, अशी प्रश्नावली भरून झाल्यावर कचेरीतून पाच गोण्या मंजूर झाल्या. पाच गोण्यांत आठ गोण्यांची टाकी होत नाही. शेवटी उरलेल्या तीन गोण्या त्यांनी एका व्यापाऱ्याकडून दुपटीहून अधिक दराने घेतल्या. वडील खर्चाची वही ठेवीत. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली आहे. तीत ‘सिमेंट गोणी ५’ अशी एक ओळ आहे, तिच्या खाली ‘सिमेंट गोणी ३ — जादा’ अशी दुसरी. चोरटा, काळा असला कोणताही शब्द त्यांनी वापरलेला नाही. ‘जादा’ एवढेच.

त्याच हिवाळ्यात संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो की पलीकडच्या तीरावर कफ परेडच्या बाजूला उंच इमारती उठलेल्या दिसत. एवढे सिमेंट तिकडे कसे जाते, हा प्रश्न मुलांना पडत नाही. वडिलांना तो पडला असावा. कारण ‘जादा’ हा शब्द त्यांच्या बोलण्यात त्या सुमारास फार येई.

तिकडे ते कसे जात होते त्याचा उलगडा १९८१च्या ऑगस्टच्या अखेरच्या तारखेस झाला. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी लिहिलेला वृत्तान्त आला. त्यापूर्वी वर्षभर, १९८०च्या ऑक्टोबरात, मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा एक न्यास स्थापन झाला होता. साहित्य आणि कला यांना उत्तेजन द्यावे, गुणी परंतु गरजू अशा लेखक-कलावंतांना हात द्यावा, हा त्याचा जाहीर हेतू. या न्यासासाठी कोट्यवधी रुपये जमले होते, आणि ते देणाऱ्यांत मुंबईचे इमारती बांधणारे ठेकेदार होते, साखर कारखाने होते. ज्यांना सिमेंट हवे त्यांनी न्यासाला देणगी द्यावी आणि ज्यांनी देणगी दिली त्यांना सिमेंट मिळावे, असा हा व्यवहार असल्याचे त्या वृत्तान्तात म्हटले होते. देशभर गहजब झाला. संसदेत प्रश्न निघाले. न्यासाच्या नावातून इंदिराबाईंचे नाव पुढे काढण्यात आले. प. बा. सामंत आदी मंडळी मुंबईच्या उच्च न्यायालयात गेली. १२ जानेवारी १९८२ या दिवशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला: बांधकाम करणाऱ्यांना दिलेले सिमेंट आणि त्यांनी दिलेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, देणगी पाहून सिमेंट दिलेले आहे. त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा दिला.

या हकिकतीत एक गोष्ट पुष्कळदा सुटून जाते, ती सांगून ठेवतो. आपल्याकडे कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ सालापासून कायद्याने बंदी होती. ती उठली १९८५ साली. म्हणजे हे सारे घडले तो काळ नेमका बंदीचा. बंदीपूर्वी, १९५७ साली, याच उच्च न्यायालयापुढे टाटांच्या पोलाद कंपनीचा एक अर्ज आला होता. पक्षांना पैसे देता यावेत म्हणून कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल करून हवा होता. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात आडकाठी नाही म्हणून परवानगी दिली, पण देताना अशा देणग्यांत लोकशाहीला केवढा धोका आहे याचा स्पष्ट इशाराही दिला. इशाऱ्याने काही झाले नाही आणि बंदीनेही फारसे झाले नाही, कारण पैसा हा पाण्यासारखा आहे, उतार सापडला की तो वाहतोच. एका दाराला कुलूप लागले की सत्कार्याचे दार उघडे असते. शाळा, रुग्णालय, देऊळ, न्यास! त्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘आत कशाला चाललास’ असे विचारण्याची आपली रीत नाही.

अंतुल्यांची बाजू घेणारे जे म्हणत ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. ते म्हणत, साहेबांनी स्वतःच्या खिशात एक पैसा घातला काय? पैसे न्यासाच्या नावाने आले, त्यांचा हिशेब होता, न्यास नोंदलेला होता. दुसरे लोक अंधारात घेतात, यांनी उजेडात घेतले. हाच यांचा अपराध! शिवाय सिमेंट कोणाला तरी द्यावयाचेच होते. बिल्डरने ते काळ्या बाजारात चढ्या भावाने घेतलेच असते. तो वरचा पैसा साठेबाजाच्या घशात जाण्याऐवजी गरीब कवीच्या हाती पडला, तर बिघडले कोठे?

हा युक्तिवाद मोठा मोहक आहे. माझ्यासारख्या, कवींच्या संगतीत आयुष्य काढलेल्या माणसाला तर तो अधिकच मोहवितो. तथापि वडिलांची वही उघडून पाहिली की तो टिकत नाही. बिल्डरने देणगी दिली ती कोठून? इमारतीतील खोल्या विकत घेणाऱ्यांकडून त्याने ती आधीच वसूल केलेली असणार. आणि जे सिमेंट त्याच्या वाट्याला हिशेबाबाहेर गेले ते कोणाच्या तरी वाट्यातून कमी झालेले असणार. आमच्या तीन गोण्या हा त्या मोठ्या हिशेबातला कणही नव्हे. परंतु ‘जादा’ म्हणून जो दाम मांडव्याच्या एका शाळामास्तराने भरला, तशा लक्षावधी लहान ‘जादां’ची बेरीज केल्यावाचून कोट्यवधींची देणगी उभी राहत नाही. देणगी म्हणजे स्वतःच्या मालकीचे, स्वतःच्या इच्छेने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले. यातले एक तरी विशेषण येथे लागू पडते काय? ज्याच्या हाती परवाना आहे तो जेव्हा दुसऱ्या हाताने देणगीची पावती पुढे करतो, तेव्हा त्याने मागितले नाही तरी मागितल्यासारखेच असते आणि समोरच्याने आनंदाने दिले तरी ते आनंदाने दिलेले नसते. पैसा कोणाच्या खिशात गेला हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचे उत्तर कितीही चांगले असले तरी पहिली गोष्ट त्याने पुसली जात नाही.

मौज अशी की या सर्व प्रकाराचे मूळ असलेले सिमेंटाचे नियंत्रण, राजीनाम्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९८२च्या अखेरीस, बऱ्याच अंशी सैल झाले. पुढे १९८९मध्ये ते पुरतेच उठले. ज्या कागदासाठी एवढे रामायण घडले तो कागद मग कोणी फुकटही घेईना.

आता ज्यांच्यासाठी पैसा जमविला त्या आम्हां मंडळींविषयी. याच राजवटीत, १९८१ साली, विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या आणीबाणीवरील पुस्तकाला मिळालेले राज्य पारितोषिक रद्द करण्यात आले. त्याच वर्षी सरकारी आश्रयाला पाठ फिरवून मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले आणि मालतीबाई बेडेकर त्याच्या अध्यक्ष झाल्या. एका हाताने प्रतिभेसाठी कोटी जमवावयाचे आणि दुसऱ्या हाताने एका पुस्तकाचे बक्षीस काढून घ्यावयाचे, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे मला त्या प्रकरणातील अत्यंत बोलके वाटते. कारण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: प्रतिभा ही देण्याघेण्याची वस्तू आहे आणि ते देणेघेणे आमच्या मर्जीवर आहे. समांतर संमेलन भरविणारे लोक थोडे होते, त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु मराठी लेखकांपैकी काहींना तरी आपल्या नावाने उघडलेली पेटी संशयास्पद वाटली, ही नोंद राहिली.

याचा अर्थ साहित्याने कोणाचा पैसा घेऊ नये असा मी करीत नाही. तसे म्हणणे हा ढोंगीपणा होईल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मराठीत केवढे ग्रंथकार्य झाले. तो पैसा रयतेचाच होता. पण तो दरबारच्या खर्चात उघड मांडलेला होता आणि ग्रंथाला मदत मिळाली म्हणून कोणाला धान्याचा परवाना मिळाला नाही. आणखी जवळचे उदाहरण द्यावयाचे तर ते मांडव्यापासून थोड्याच अंतरावर, सासवण्याला आहे. शिल्पकार विनायकराव करमरकर तेथले. पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडविला तेच. सासवण्याच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने चित्र काढलेले त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांनी खटपट करून त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. कलेक्टर म्हणजे त्या काळचा जिल्ह्याचा राजा. त्याला हवे असते तर गावच्या खोतांकडून प्रतिभेसाठी वर्गणी काढणे काही कठीण नव्हते. त्याने मुलगा पाहिला, न्यास पाहिला नाही. करमरकरांचे घर आता शिल्पसंग्रहालय झाले आहे. पाहुणे आले की मी त्यांना तेथे नेतो. अंगणातल्या म्हशीपाशी मुले हटकून थांबतात. तिच्या पाठीवर हात ठेवल्यावाचून त्यांचे समाधान होत नाही. करमरकरांनी दगडात आणि ब्राँझमध्ये काम केले तसे सिमेंटमध्येही केले. प्रतिभेला सिमेंट लागत नाही असे मात्र कोणी म्हणू नये!

अंतुल्यांचे प्रकरण मनात घोळू लागले की मला दूरच्या एका माणसाची आठवण होते. जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला, धंद्याने बांधकामाचा ठेकेदार. निगाता नावाच्या, हिवाळ्यात बर्फाखाली गाडल्या जाणाऱ्या प्रांताचा पुत्र. त्याने आपल्या प्रांतात रस्ते नेले, बोगदे खणले, आगगाडी नेली. त्याच्या पैशाच्या उलाढालींचा पहिला सविस्तर छडा १९७४ साली लावला तो ‘बुंगेई शुंजू’ या मासिकाने, आणि हे मासिक किकुची कान नावाच्या एका कादंबरीकाराने १९२३मध्ये काढलेले! मासिकांतून लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून थोडी फुशारकी वाटते, ती वाचकांनी क्षमा करावी. तानाकांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पद सोडले. पुढे लॉकहीड विमान कंपनीकडून पन्नास कोटी येन घेतल्याबद्दल १९८३च्या ऑक्टोबरात न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा सांगितली. आणि दोन महिन्यांनी जी निवडणूक झाली तीत निगाताच्या लोकांनी त्यांना दोन लाखांवर मते देऊन निवडून पाठविले. टोकियोची वृत्तपत्रे म्हणाली, हे खेडवळ लोक लाचेला भुलले. मला ते पटत नाही. हिवाळ्यात डॉक्टर येण्यापूर्वी ज्यांची माणसे मरत, त्यांना बोगदा म्हणजे काय ते ठाऊक होते. टोकियोला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्याच जपानात २०११च्या मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री सेइजी माएहारा यांनी राजीनामा दिला. क्योटोत एक कोरियन बाई खाणावळ चालवी. ती त्यांना शाळकरी वयापासून ओळखत होती. तिने काही वर्षांत मिळून अडीच लाख येन, म्हणजे आपल्या तेव्हाच्या हिशेबाने सव्वा-दीड लाख रुपये, त्यांच्या राजकीय कामासाठी दिले होते. परकी नागरिकाची देणगी घेऊ नये असा तेथे कायदा आहे. तिने काही मागितले होते असे कोणीही म्हटले नाही. तरी ते गेले. एकाच देशात एवढ्या थोड्या रकमेपायी मंत्री घरी जातो आणि शिक्षा झालेला माणूस विक्रमी मतांनी निवडून येतो. यावरून जपानी लोकांच्या स्वभावाविषयी सिद्धान्त काढण्याचा मोह मी आवरतो. एवढेच म्हणतो की न्यायालय, कायदा आणि गाव यांची तराजूची मापे वेगळी असतात, आणि गावाचे माप खोटे असते असे मानणारा माणूस गावात राहिलेला नसतो.

अंतुल्यांवर पुढे रामदास नायक यांच्या तक्रारीवरून फौजदारी खटले चालले. ते इतकी वर्षे चालले की त्यांतून कायद्याचा एक वेगळाच ग्रंथ निर्माण झाला. आमदार हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक नव्हे, असे १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरविले आणि खटला उच्च न्यायालयाकडे सोपविला. १९८८मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की खटला तेथे सोपविण्यात आपल्याच न्यायालयाची चूक झाली होती. १९९१च्या डिसेंबरात पुन्हा त्यांच्याच नावाच्या खटल्यात, आरोपीला लवकर न्याय मिळण्याचा हक्क कोणता आणि किती, याची तत्त्वे सांगितली गेली. कायद्याचे विद्यार्थी हे निकाल आजही घोकतात. शिक्षा त्यांना कधीच झाली नाही. श्रीवर्धनने त्यांना १९८९पर्यंत विधानसभेत ठेवले. मग आमच्या कुलाबा मतदारसंघातून ते १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ असे चार वेळा लोकसभेवर गेले. लोकसभेच्या यादीत आमचे जुने नाव कितीतरी वर्षे शिल्लक होते, याची गंमत वाटते. केंद्रात ते आरोग्यमंत्री झाले, २००६ नंतर अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले, आणि २०१४च्या डिसेंबरात वारले. आंबेतला त्यांचे दफन झाले.

त्यांच्या पश्चात देणग्यांचा मामला संपला असे नाही. २०१८पासून आपल्याकडे निवडणूक रोखे निघाले. कोणी कोणाला किती दिले ते मतदाराला कळू नये अशीच त्यांची रचना होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये ते घटनाबाह्य ठरविले आणि याद्या प्रसिद्ध झाल्या. त्या याद्या मी वाचीत बसलो होतो. अंतुल्यांच्या न्यासाला निदान काही जाहीर हेतू होता, आणि तो साहित्याचा होता. या याद्यांत तसला अलंकारही नव्हता.

मला १९८९ची ती निवडणूक चांगली आठवते. वडील तोवर निवृत्त झाले होते आणि सिमेंट कोठल्याही दुकानात मिळू लागले होते. आमचा अलिबाग तालुका म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला. लाल बावटे सगळीकडे लागलेले. शेजारच्या आजींना आता दिसत नसे. मतदानाच्या दिवशी सकाळीच त्या नवे लुगडे नेसून आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, “मास्तर, मला घेऊन चला. शिक्का मीच मारणार, तुम्ही फक्त चित्र कुठं ते दाखवा.” वडील त्यांचा हात धरून शाळेपर्यंत गेले. अधिकाऱ्याने मदतनीस म्हणून त्यांना आत जाऊ दिले. कोणत्या चित्रापाशी त्यांनी आजींचे बोट नेऊन ठेवले ते सांगावयास नको, आणि नंतर स्वतःचे मत त्यांनी कोणाला दिले ते मी कधी विचारले नाही. परत येताना दोघे पाण्याविषयी बोलत होती. टाकीला मागील बाजूने चीर गेली होती, आणि उन्हाळ्यापूर्वी ती बुजविली पाहिजे असे वडील सांगत होते.